प्रकाशाचे पारखी : राजा दीनदयाळ

दहावीच्या वर्गास निरोप देतेवेळीं सर्व मुलामुलींचें एकत्र छायाचित्र काढण्याचा प्रघात आमच्याकडे पुष्कळ वर्षें चालत आला आहे. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा असल्यामुळें चित्रांची दुर्मिळता राहिली नाहीं, हें खरें. तथापि तलवाडा व आसपासच्या गांवांतून शिकावयास येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरीं आम्ही गेलों आहों, आणि भिंतीवर चौकटींत बसवून टांगलेलें चित्र बहुधा हें एकच असतें, असें आम्हीं पाहिलें आहे. म्हणून हें चित्र चांगलें निघावें, ही इच्छा केवळ हौसेची नव्हे.

तीन वर्षांपूर्वीं तें चांगलें निघालें नाहीं. त्या दिवशीं अवकाळी पाऊस आल्यामुळें पटांगण सोडून सभागृहांत बाकें मांडावीं लागलीं. चित्र काढणाऱ्या गृहस्थांनीं फ्लॅशचे दोन झगझगीत दिवे आणून ते पहिल्या रांगेच्या अगदीं जवळ उभे केले. चित्र छापून आलें तेव्हां पुढील मुलांचे चेहरे चुना फांसल्यासारखे पांढरे व मागील रांगेंतील चेहरे काळवंडून गेलेले दिसले. मागच्या रांगेंत उभ्या असलेल्या एका मुलाचे आईबाप त्या वेळीं ऊसतोडणीस गेले होते. उन्हाळ्यांत तीं उभयतां परत आलीं. आईनें चित्र हातांत घेऊन पुष्कळ वेळ न्याहाळलें, आणि यांत तूं कोणता, असें शेवटीं पोरालाच विचारलें. त्यानें एका काळ्या ठिपक्यावर बोट ठेविलें. आम्ही तेथें उभे होतों. आम्हांस खालीं पाहावें लागलें.

त्यानंतर शाळेनें स्वतःचेच चांगले दिवे घ्यावेत, असा विचार निघाला व शिक्षकांच्या खोलींत त्याविषयीं बराच वाद झाला. कोणी म्हणे, स्वस्तांतले तीन घ्यावेत. कोणी म्हणे, एकच घ्यावा, पण उत्तम घ्यावा. परंतु उत्तम दिवा म्हणजे काय, हें मात्र कोणासच नीट सांगतां येईना. आम्हांसहि येईना. तेव्हां, ज्या काळीं छायाचित्रकारास सूर्यावरच भिस्त ठेवावी लागे, त्या काळीं ज्यांनीं या देशांतील उत्कृष्ट छायाचित्रें काढलीं, त्या राजा दीनदयाळ यांचें चरित्र आम्ही मुद्दाम वाचण्यास घेतलें. आपला बीड जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानांत १९४८ पर्यंत होता, त्याच संस्थानच्या अधिपतीचे ते छायाचित्रकार होते. म्हणजे एका अर्थीं ते आपल्या आज्यापणज्यांचे समकालीन व शेजारीच म्हणावयाचे. त्यांच्या चरित्रांत आमच्या वादाचें उत्तर आम्हांस सांपडलें. तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ सालीं मीरतनजीक सरधना या गांवीं एका जैन कुटुंबांत झाला. प्रकाशानें चित्र उमटविण्याची ही विद्या त्या वेळीं स्वतःच पांच वर्षांचें मूल होती, कारण फ्रान्स देशांतील दागेर याची कृति जगास कळली ती १८३९ सालीं. दीनदयाळांचें शिक्षण चित्रकाराचें नव्हे, एंजिनियराचें झालें. रुडकी येथील टॉमसन कॉलेजांत त्यांनीं मोजणी, आराखडे व बांधकाम या विषयांचा अभ्यास केला, आणि १८६६ सालीं इंदूर येथें सरकारी बांधकामखात्यांत खर्चाचे अंदाज करणारे व नकाशे काढणारे मुख्य कारकून म्हणून ते नोकरीस लागले. ज्याला भिंतीचा ओळंबा व रेषेचा सरळपणा पाहण्याची संवय जडली, त्याची नजर पुढें कोणत्याहि धंद्यांत गेली तरी ती संवय सोडीत नाहीं. दीनदयाळांचीं चित्रें पाहतांना या गोष्टीची पदोपदीं आठवण होते. खांब सरळ, पायऱ्या स्पष्ट, आणि उजेड असा पडलेला कीं दगडावरील नक्षी बोटानें चाचपून पाहावी.

फोटोग्राफीचा नाद त्यांना १८७४ च्या सुमारास लागला. तोंपर्यंत त्यांचें वय तीस वर्षांचें झालें होतें. मुंबईस या विद्येची मंडळी १८५४ सालींच स्थापन झाली होती व डॉक्टर भाऊ दाजी यांच्यासारखे विद्वान गृहस्थ तिच्यांत होते. परंतु इंदुरास बसून ती हस्तगत करणें हें वेगळें काम होतें. त्या वेळची रीत ऐकिली म्हणजे आजच्या मुलांस आश्चर्य वाटेल. कांचेच्या तावदानावर कलोडियन नांवाचा चिकट द्रव ओतावयाचा, अंधाऱ्या तंबूंत तें तावदान चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाचें, ओलें असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि वाळण्यापूर्वीं पुन्हां तंबूंत पळत जाऊन तें प्रकट करावयाचें. माळव्याच्या उन्हाळ्यांत तें पत्रावळीसारखें वाळे. एका चित्रासाठीं तंबू, औषधांच्या बाटल्या, पाण्याच्या पखाली व कांचांच्या पेट्या बैलगाडींतून न्याव्या लागत. पुढें कोरड्या कांचा बाजारांत मिळूं लागल्या व १८८० नंतर ही यातायात पुष्कळ कमी झाली. परंतु ज्यानें आरंभीं ती सोसली त्याला एक धडा कायमचा मिळाला. कांच एकदां फुकट गेली कीं गेली. म्हणून भिंगाचें झांकण काढण्यापूर्वीं उजेड कोठून येतो, किती येतो व किती वेळ टिकेल, याचा विचार पुरा झाला पाहिजे.

इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनीं या तरुण कारकुनाचा गुण ओळखला व मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली यांच्याशीं त्यांचा परिचय करून दिला. १८७५-७६ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स या देशांत आले तेव्हां त्या दौऱ्याचीं चित्रें काढण्याची संधि दीनदयाळांस मिळाली. पुढें १८८२-८३ च्या सुमारास सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंडांत हिंडले, आणि तेथील किल्ले, मंदिरें व राजवाडे यांचीं त्यांनीं काढलेलीं चित्रें मध्य हिंदुस्थानांतील प्रसिद्ध इमारतींवरील ग्रिफिन यांच्या ग्रंथांत १८८६ सालीं छापून निघालीं. मंदिराचें चित्र काढणारास दिवा नेतां येत नाहीं. सूर्य दिव्याचें काम करितो, परंतु तो आपल्या सोयीनें येतो. दुपारचें ऊन डोक्यावरून पडलें कीं नक्षी सपाट होते. सकाळचें किंवा तिसऱ्या प्रहरचें ऊन तिरपें पडलें कीं प्रत्येक मूर्तीला आपली सावली मिळते व ती दगडांतून पुढें येते. तेव्हां वाट पाहणें हीच तेथली कारागिरी.

१८८५ सालीं लॉर्ड डफरिन यांनीं त्यांची व्हाइसरॉयचे छायाचित्रकार म्हणून नेमणूक केली, आणि त्याच सुमारास सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारींहि त्यांचा प्रवेश झाला. येथें दीनदयाळांपुढें एक कठीण प्रश्न उभा राहिला. सरकारी नोकरी वीस वर्षें झालेली, पेन्शन समोर दिसत असलेलें. आणि दुसऱ्या बाजूस एक नवा धंदा, ज्यांत यंत्रें व औषधें विलायतेहून यावयाचीं आणि गिऱ्हाइकांच्या लहरीवर पोट भरावयाचें. त्यांनीं आधीं लांबची रजा घेतली, सिकंदराबादेस आपला स्टुडिओ थाटला, धंदा चालतो अशी खात्री करून घेतली, आणि मग १८८७ सालीं नोकरी सोडली. त्यांचें हें धाडस हिशेबी होतें. अंदाजपत्रकें करणाऱ्या माणसास तें शोभण्यासारखेंच होतें.

आतां त्या काळचा उत्तम स्टुडिओ कसा असे, हें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण आमच्या शाळेंतील वादाचा उलगडा तेथें होतो. फोटो काढण्याची खोली बहुधा वरच्या मजल्यावर असे. तिचें एक अंग व छपराचा उतार कांचेचा करीत, आणि हें कांचेचें अंग उत्तरेकडे ठेवीत. उत्तरच कां? आपल्या देशांत वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडून फिरतो. म्हणून उत्तरेच्या कांचेंतून प्रत्यक्ष ऊन आंत येत नाहीं, फक्त आकाशाचा उजेड येतो. हा उजेड ऊन्हासारखा प्रखर नसतो, पण एका मोठ्या पटावरून येत असल्यामुळें तो मऊ असतो, आणि दिवसभर फारसा पालटत नाहीं. ऊन एका बिंदूंतून येतें, म्हणून नाकाखालीं व डोळ्यांच्या खोबणींत तें काळी कुळकुळीत सावली टाकितें. आकाश चोहोंकडून येतें, म्हणून त्याच्या सावलीला कडा नसते.

तेवढ्यानें काम भागत नसे. कांचेखालीं दोऱ्यांवर सरकणारे पडदे लाविलेले असत. वृद्ध गृहस्थाच्या सुरकुत्या फार उठूं लागल्या तर वरचा पडदा ओढून बाजूचा उघडावयाचा. चेहरा फारच सपाट दिसूं लागला तर उलट करावयाचें. ज्या गालावर अंधार राहिला त्याच्या बाजूस पांढरें कापड ताणलेली चौकट उभी करून गेलेला उजेड परत आणावयाचा. चित्रास कित्येक सेकंद लागत, म्हणून बसणाराच्या मानेमागें लोखंडाचा आधार लावून त्याला निश्चल ठेवीत. याहून एक अडचण मोठी होती. त्या काळच्या कांचांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम जलद होई, तांबड्या-पिवळ्याचा फारच थोडा. त्यामुळें आकाश कोऱ्या कागदासारखें पांढरें पडे, आणि आपल्या लोकांच्या सांवळ्या वर्णाचे चेहरे मूळच्यापेक्षां अधिकच काळे उमटत. परदेशच्या पुस्तकांत दिलेले नियम डोळे झांकून पाळले असते तर हैदराबादेचा सरदार व त्याचा सेवक दोघांचेहि चेहरे अंधारांत बुडाले असते. येथील छायाचित्रकारास उजेडाचें माप येथील माणसांवरूनच बसवावें लागे. दीनदयाळांच्या दरबारी चित्रांत पागोट्याची जरी, हिऱ्यांचे कंठे व चेहऱ्यावरील गंभीर भाव हीं सर्व आपापल्या जागीं दिसतात. जरी चकाकत असतांना चेहरा विझूं न देणें ही लहान गोष्ट नाहीं.

निजामांची मर्जी त्यांच्यावर पूर्णपणें बसली. महालांचीं दालनें, लष्कराच्या कवायती, शिकारी, पाहुण्यांचे सत्कार, रस्ते, पूल, शाळा, असें कांहींएक त्यांच्या कॅमेऱ्यांतून सुटलें नाहीं. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद व औरंगाबाद येथील चित्रेंहि त्यांत आहेत. आपल्या भागाचें शंभर-सवाशें वर्षांपूर्वींचें रूप ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं तीं अवश्य पाहावीं. व्हिक्टोरिया राणीच्या छायाचित्रकाराचा मान त्यांस मिळाला, १८९३ सालीं अमेरिकेंत शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत त्यांच्या चित्रांचा गौरव झाला, आणि १८९४ सालीं निजामांनीं त्यांस राजा बहादुर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. एके काळच्या नकाशे काढणाऱ्या कारकुनास ही पदवी मिळाली.

या सर्व मानमरातबापेक्षां आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती १८९२ सालची एक गोष्ट. त्या वर्षीं त्यांनीं हैदराबादेस केवळ स्त्रियांसाठीं निराळा स्टुडिओ उघडिला. पडद्यांतील स्त्रियांस परपुरुषासमोर बसतां येत नसे, आणि म्हणून श्रीमंत घराण्यांतील आया, बहिणी व मुली यांचीं चित्रें कधीं निघतच नसत. या स्टुडिओस उंच भिंती घातल्या होत्या, आंत पुरुषांस मज्जाव होता, व सर्व कामकाज मिसेस केनी-लेव्हिक या बाईंच्या हातीं सोंपविलें होतें. भिंत बाहेरच्या नजरेस अडवी, परंतु वरून येणाऱ्या उजेडास अडवीत नसे. ज्यांचे चेहरे कोणत्याहि चित्रांत नव्हते, त्यांना सुरक्षित व सन्मानपूर्वक उजेडांत बसतां यावें, हा विचार ज्यास सुचला, त्याला प्रकाशाचा उपयोग खरोखर कळला होता.

याच सुमारास प्रकाशाच्या दुनियेंत एक नवी वस्तु आली. १८८७ सालीं जर्मनींतील मीटे व गेडिके या दोघांनीं मॅग्नेशियम धातूच्या भुकटींत इतर क्षार मिसळून भडकन पेटणारी पूड तयार केली. ती पेटवितांच क्षणभर लख्ख उजेड पडे, आणि रात्रीं किंवा अंधाऱ्या खोलींतहि चित्र घेतां येई. परंतु तिच्याबरोबर पांढऱ्या धुराचे लोट उठत, माणसें दचकत, चेहऱ्यावर कठोर सावल्या पडत, आणि प्रमाण चुकल्यास हात भाजत. उजेड पुष्कळ मिळाला, पण तो कह्यांत राहिना. पुष्कळ उजेड व चांगला उजेड या दोहोंतील भेद जगास त्या पुडीनें शिकविला.

१८९९-१९०० चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुष्कळांनीं ऐकिला असेल. पश्चिम व मध्य हिंदुस्थान त्यांत होरपळून निघालें व मराठवाडाहि वांचला नाहीं. त्या वेळीं औरंगाबादच्या बाजूस दुष्काळग्रस्तांस चाललेल्या मदतीचीं चित्रें दीनदयाळांच्या पेढीनें काढलीं. ज्या कॅमेऱ्यापुढें जवाहीर घातलेले नबाब बसले होते, त्याच्यापुढें आतां फांसळ्या मोजतां येतील अशीं माणसें रांगेनें बसलीं. तेथें ना उत्तरेची कांच, ना पडदे. वर उघडें आभाळ व खालीं तापलेली जमीन. तरी त्या चित्रांत प्रत्येक चेहरा ओळखूं येतो. तीं माणसें केवळ गर्दी म्हणून उरत नाहींत. आम्ही जेव्हां तीं चित्रें पाहिलीं, तेव्हां आमच्या सभागृहांतील त्या काळ्या ठिपक्याची आठवण होऊन आम्हांस लाज वाटली. उपाशी माणसाचा चेहरा आपल्याच ओळखीचा राहावा, इतकें तरी छायाचित्रकाराकडे त्याचें देणें असतें.

१८९६ सालीं दीनदयाळांनीं मुंबईस मोठा स्टुडिओ उघडिला. ज्ञानचंद व धरमचंद हे त्यांचे दोघे पुत्र धंद्यांत होते व पेढीचें नांवहि राजा दीनदयाळ आणि पुत्र असेंच होतें. लॉर्ड कर्झन यांच्या स्वाऱ्यांचीं व १९०३ च्या दिल्लीदरबाराचीं चित्रें या पेढीनें घेतलीं. परंतु भरतीनंतर ओहोटी आली. १९०४ सालीं धरमचंद वारले. पुत्रशोकानंतर वृद्ध पिता फार दिवस राहिला नाहीं. ५ जुलै १९०५ रोजीं राजा दीनदयाळ यांचा अंत झाला. त्यांच्या कांचांपैकीं २,८५७ कांचा १९८९ सालीं दिल्लींतील इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानें विकत घेऊन जतन केल्या, आणि २००६ सालीं भारताच्या टपालखात्यानें त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढिलें.

दीनदयाळांनंतर सूर्याचें काम करणारा दिवा जगास दिला तो आणखी एका एंजिनियरानें. अमेरिकेंतील मॅसाच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें हॅरल्ड एजर्टन हे विजेच्या मोटारींचा अभ्यास करीत होते. फिरतें चाक स्थिर दिसावें म्हणून १९३१ सालीं त्यांनीं क्षणाक्षणास चमकणारा दिवा सिद्ध केला; त्यास स्ट्रोब म्हणतात. त्याचेंच रूप आज स्टुडिओंतील फ्लॅश होय. त्यांत वीज प्रथम कपॅसिटर नांवाच्या भागांत सांठवितात, आणि मग ती झेनॉन वायूनें भरलेल्या कांचेच्या नळींतून एकदम सोडितात. बहुधा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास तो उजेड टिकतो. धूर नाहीं, भाजणें नाहीं, मानेमागें लोखंड नाहीं. तथापि दीनदयाळांचे जुने प्रश्न मात्र तसेच राहिले आहेत, आणि दिवा निवडतांना तेच विचारावयाचे असतात.

पहिला प्रश्न शक्तीचा. ती वॅट-सेकंद किंवा ज्यूल या मापानें सांगतात. आमच्या सभागृहांतील चूक येथें उघड होते. लहान दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत कमी होतो, हा नियम आपण विज्ञानाच्या तासास शिकतों. दिवा पहिल्या रांगेपासून दोन मीटरांवर व शेवटची रांग चार मीटरांवर असेल, तर शेवटच्या रांगेस चौथाईच उजेड मिळतो. तोच दिवा मागें सहा मीटरांवर नेला, तर शेवटची रांग आठ मीटरांवर जाते व तिला पहिल्या रांगेच्या निम्म्याहून अधिक उजेड मिळतो. मात्र तितक्या दूरून तोच उजेड पाडण्यास दिवा नऊपट शक्तीचा लागतो. म्हणजे मोठ्या शक्तीचा दिवा घ्यावयाचा तो जवळच्यांचे डोळे दिपविण्यासाठीं नव्हे, तर दिवा दूर ठेवून मागच्या रांगेपर्यंत उजेड पोंचविण्यासाठीं. त्या दिवशींचे दोन दिवे जवळ कां ठेविले होते, हें आतां आम्हांस कळतें; त्यांच्यांत दूर जाण्याचें बळच नव्हतें.

दुसरा प्रश्न सारखेपणाचा. एका पांढऱ्या कागदावर दिवा दहा वेळां चमकवून दहा चित्रें घ्यावीं व तीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. चांगल्या दिव्याचीं दहाहि चित्रें सारखीं निघतात. हलक्या दिव्याचें एक उजळ, एक मळकट, एक निळसर असें निघतें. स्टुडिओंतील फ्लॅशचा रंग साधारणतः दुपारच्या दिवसाच्या उजेडासारखा, म्हणजे केल्व्हिन मापानें सुमारें ५,५०० असावा, व शक्ति कमीअधिक केली तरी तो फारसा बदलूं नये. तिसरा प्रश्न मऊपणाचा. उत्तरेच्या कांचेचें काम आतां छत्री किंवा कापडाची मोठी पेटी करिते. दिव्याबरोबर ती घेण्यास पैसे उरले पाहिजेत. चौथा प्रश्न, चमकल्यानंतर पुन्हां भरण्यास दिवा किती वेळ घेतो, बॅटरीवर चालतो कीं नाहीं, आणि नळी गेली तर दुसरी जवळच्या शहरांत मिळते कीं नाहीं. आमच्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, म्हणून हा प्रश्न लहान समजूं नये. कपॅसिटरमध्यें दिवा बंद केल्यावरहि जीवघेणी वीज सांठलेली असूं शकते; तेव्हां कोणीहि विद्यार्थ्यानें तो घरीं उघडूं नये, हेंहि येथेंच सांगून ठेवितों.

या सर्व विचारानंतर शिक्षकांचा वाद मिटला. स्वस्तांतले तीन घेण्याऐवजीं चांगला एकच घ्यावा, व त्यासाठीं दोन वर्षें पैसे सांठवावेत, असें ठरलें. तोंपर्यंत काय? शाळेचा उत्तरेकडील व्हरांडा आहेच. यंदा सकाळीं दहा वाजतां मुलें तेथें रांगेनें उभीं केलीं, समोर अंगणांत पांढऱ्या चादरी धरून उजेड परत फिरविला, आणि शेवटच्या रांगेस एक बाक अधिक उंच दिला. खर्च कांहीं आला नाहीं. सर्व चेहरे आले.

तीन वर्षांपूर्वींचा तो मुलगा दाखला नेण्यास नुकताच शाळेंत आला होता. त्यालाहि आम्हीं त्याच व्हरांड्यांत उभें करून त्याचें एकट्याचें चित्र घेतलें व छापून त्याच्या आईकडे पाठविलें. जुनें चित्र त्या बाईनें काढून टाकिलें नाहीं. नवें त्याच्या शेजारींच लाविलें आहे.

मुलांनो, तुमच्यापैकीं कोणी पुढें एंजिनियर होईल, कोणी कॅमेरा हातीं घेईल, कोणी शिक्षक होऊन आमच्या जागीं बसेल. पुढें कोणताहि उजेड तुमच्या हातीं आला, तर पुढची रांग उजळली एवढ्यावर समाधान मानूं नका. शेवटच्या रांगेंतील चेहरा ओळखूं येतो कीं नाहीं तें पाहा, आणि येत नसेल तर आपला दिवा जरा मागें न्या.